सातविणीबद्दल दर कार्तिकात विचारले जाणारे प्रश्न

कुडाळजवळ माझी लहानशी रोपवाटिका आहे. वर्षभर लोक काजूच्या आणि हापूसच्या कलमांची चौकशी करतात. दसरा सरला की मात्र फोनवर एकच विषय असतो: "काका, रात्री कसला वास येतो हो?" झाड तेच, प्रश्नही तेच, आणि माझी उत्तरं दरवर्षी थोडी लांबत चाललेली. म्हणून एकदाची लिहून ठेवतो.

सातवीण, सातवण, सप्तपर्णी, छातिम ही वेगवेगळी झाडं आहेत का?

नाही, झाड एकच. शास्त्रीय नाव अल्स्टोनिया स्कोलॅरिस. आपण सातवीण म्हणतो, संस्कृतात सप्तपर्ण किंवा सप्तच्छद, आणि बंगालीत छातिम. पश्चिम बंगालचा तो राज्यवृक्ष आहे. केरळात पाला. कुळ कण्हेरीचं, म्हणजे चाफा, तगर, सदाफुली, कुडा, रुई हे सगळे तिचे भाऊबंद. पान तोडलं की पांढरा चीक येतो, तो या कुळाचा शिक्काच.

"पाला" या नावाची एक गोष्ट कोकणी माणसाला ठाऊक हवी. मलबारच्या डच गव्हर्नराने, हेन्ड्रिक व्हान रीडने, तिथल्या वनस्पतींवर लॅटिनमध्ये बारा खंड काढले. त्यातला पहिला १६७८ साली छापला गेला आणि त्यात ही सातवीण "पाला" म्हणून चित्रासकट आहे. त्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि आप्पुभट या तीन कोकणी वैद्यांचा हात होता. २० एप्रिल १६७५ चं त्यांचं प्रमाणपत्र नागरी लिपीत, कोकणी भाषेत, त्याच ग्रंथात छापलेलं आहे. पुढे लिनिअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६७ मध्ये या झाडाला नाव दिलं आणि रॉबर्ट ब्राऊनने ते अल्स्टोनिया या प्रजातीत नेऊन बसवलं. चार्ल्स अल्स्टन हे एडिंबरोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, नाव त्यांच्यावरून. आपले तिघे वैद्य राहिले आतल्या पानावर.

पानं सातच असतात ना? मी मोजली तर सहा भरली.

तुमचं मोजणं बरोबर आहे. एका ठिकाणी चारपासून सातपर्यंत पानं सर्रास दिसतात, कधी आठ, अगदी दहाही. एकाच फांदीवर खाली पाच आणि वर सात असंही होतं. बी रुजून आलेल्या रोपाला तर आधी समोरासमोर दोनच पानं येतात, मग तीन-चारचं चक्र, आणि झाड जोर धरेल तशी संख्या वाढते. त्यामुळे रोप घ्यायला येऊन "सात नाहीत, म्हणजे ही खरी सातवीण नव्हे" असं म्हणत परत जाणाऱ्यांना मी आता अडवत नाही.

हे पान सावरीसारखंच ना? देठाच्या टोकाला पाच-सात बोटं?

दिसायला तसं वाटतं, पण इथेच सगळी गंमत आहे. सावरीचं पान एकच असतं. लांब देठ, देठाच्या टोकाला पाच-सात पर्णिका. म्हणजे एका पानाचे तुकडे. सातविणीत तसा सामाईक देठ नाहीच. प्रत्येक पान स्वतंत्र आहे, आणि ती सगळी फांदीच्या एकाच पेरावर, छत्रीच्या काड्यांसारखी गोल बसलेली आहेत.

पारख करायची असेल तर देठाच्या बेचक्यात पाहा. खऱ्या पानाच्या बेचक्यात कळी असते, पर्णिकेच्या बुडाशी ती कधीच नसते. सातविणीच्या चक्रातल्या प्रत्येक पानाच्या बेचक्यात कळीची जागा असते. दुसरी खूण पानगळीची. सावरीचं पान शेवटी देठासकट गळतं आणि फांदीवर एकच व्रण राहतो. सातविणीची पानं एकेकटी गळतात आणि फांदीभोवती व्रणांचं कडं उरतं. जुन्या फांदीवर अशी कडी एकाखाली एक दिसतात, बांगड्या भरल्यासारखी.

हा गोलाकार डोक्यात बसला की झाड लांबूनही ओळखता येतं, कारण फांद्याही तशाच चक्रात फुटतात. तरुण सातवीण पाहा: एक मजला, मधे मोकळी जागा, वर दुसरा मजला. दीपमाळच जणू. म्हातारी झाली की हे मजले एकमेकांत मिसळतात आणि वरती नुसता गर्द घुमट दिसतो.

पक्की ओळख कशावरून?

चक्रातली पानं आणि चीक या दोन खुणा जुळल्या की बहुतेक काम झालं. उरलेली शंका शिरांवरून फिटते. पानाच्या मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना पंचवीस ते पन्नास बारीक शिरा जवळजवळ काटकोनात निघतात, एकमेकींना समांतर, आणि कडेपाशी एका शिरेला मिळतात. पान उजेडासमोर धरा, बारीक कंगवा दिसेल. वरचा पृष्ठभाग गर्द आणि चकचकीत, खालचा फिकट, टोक बहुधा गोलसर. साल करडी, खरबरीत, त्यावर वल्करंध्रांचे, म्हणजे साल श्वास घेते त्या छिद्रांचे, बारके फोड. जुन्या झाडाचं खोड बुंध्याशी गोल राहत नाही. त्याला खोल पन्हळी पडतात आणि आधारमुळांच्या भिंती फुटतात.

फसगत करणारी दोन झाडं आहेत, दोन्ही तिच्याच प्रजातीतली. एक सह्याद्रीतलंच लहान झुडूप, अल्स्टोनिया व्हेनेनाटा. दुसरं बाहेरून आलेलं, मोठ्या पानांचं अल्स्टोनिया मॅक्रोफिला, ज्याच्या चक्रात बहुधा तीन-चारच पानं असतात. बागांच्या दुकानांत काही वेळा तेच सातवीण म्हणून विकलं जातं.

हे रस्त्याकडेचं झाड आहे की जंगलातलं?

जंगलातलंच. भारत, श्रीलंका, दक्षिण चीन, आग्नेय आशिया, न्यू गिनी, आणि थेट ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडपर्यंतची वर्षावनं हे तिचं घर. चांगली माती आणि भरपूर पाऊस मिळाला तर ती ४० मीटरपर्यंत वाढते. रस्त्याकडेला दिसते ती त्याच झाडाची आखूड, छाटलेली आवृत्ती.

आपल्याकडे सह्याद्रीच्या पायथ्याची निमसदाहरित रानं, ओढ्याकाठचे पट्टे आणि देवराया इथे ती सापडते. उघड्या कातळावर नाही. जांभ्याच्या भेगेत माती साठली आणि ओल राहिली तर तिथे मात्र उभी राहते. मोठी सातवीण पाहायची असेल तर देवराईत जा, तेही पावसाळ्यानंतर जळवा कमी झाल्यावर. बुंध्याशी उभं राहून वर पाहिलं की पहिली फांदी कुठे सुरू होते तेच चटकन कळत नाही. हे झाड लहानपणापासून फक्त शाळेच्या कुंपणाला पाहिलेल्या माणसाला ते खरं वाटत नाही. माझा पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, ही वेगळी जात असेल." नाही रे बाबा, हीच.

रात्रीच वास का येतो? आणि तो सुवास की दुर्वास?

फुलं अगदी चिमुकली, हिरवट पांढरी, फांद्यांच्या टोकाला दाट गुच्छांत. नळी सेंटिमीटरभरसुद्धा नसते. पाच पाकळ्या पंख्याच्या पात्यांसारख्या एका अंगाने एकमेकींवर चढलेल्या. पुंकेसर त्या नळीच्या आत दडलेले. रंग नाही, आकार नाही, तेव्हा अंधारात पतंगांना बोलवायचं तर वासाशिवाय काय आहे तिच्याकडे? दिवेलागणीनंतर वास चढत जातो आणि सकाळी उन्हं आली की ओसरतो. आश्विन-कार्तिकात हवा थंड आणि स्थिर असते, त्यामुळे तो पसरून विरत नाही, वाडीत साचून राहतो.

सुवास की दुर्वास, याचं उत्तर अंतरावर आहे. दोनशे पावलांवरून तो गोड, किंचित मसालेदार लागतो. खिडकीखाली झाड असेल तर डोकं धरतं. दोन्ही प्रकारच्या लोकांचं म्हणणं मला पटतं.

जुन्या कवींनाही तो सौम्य वाटला नव्हता. कालिदासाच्या रघुवंशात चौथ्या सर्गात शरद ऋतू येतो आणि रघू दिग्विजयाला निघतो. तिथे सप्तपर्णाच्या फुलांचा वास हत्तीच्या मदासारखा आहे असं म्हटलंय. तो वास आला आणि रघूचे हत्ती जणू ईर्षेने स्वतःही सात ठिकाणांहून मद गाळू लागले. पानं सात, म्हणून मदही सातपट! दोडामार्गात आता खरे रानटी हत्ती आहेत. त्यांचं मत अजून कुणी घेतलेलं नाही.

या झाडाच्या परागकणांनी दमा होतो म्हणतात. तोडून टाकू का?

दोन गोष्टी वेगळ्या करू. दम्याला जे परागकण वाईट, ते बहुतेक वाऱ्यावर वाहणारे: गवतांचे वगैरे. सातविणीचे परागकण नळीच्या आत असतात आणि कीटकांच्या अंगाला लागून जातात. गवताच्या परागासारखे ते हवेत उधळत नाहीत. पण तीव्र वास हाच काही दमेकऱ्यांना, अर्धशिशीवाल्यांना सोसत नाही, हे खरं आहे. तो त्रास खोटा म्हणून उडवून लावू नये. घरात असं माणूस असेल तर फुलांच्या दिवसांत संध्याकाळी त्या बाजूच्या खिडक्या लावा, आणि डॉक्टरांना दाखवा.

माझं मत विचाराल तर चूक झाडाची कमी आहे. ४० मीटर वाढणारं, रात्री फुलणारं रानातलं झाड घ्यायचं, ते इमारतींच्या मधल्या अरुंद गल्लीत एकाला लागून एक असं वीस लावायचं, आणि मग वास येतो म्हणून तक्रार करायची. देवराईत अशी वीस एका ओळीत कुठे उभी असतात?

फाल्गुनात अंगणभर कापूस उडतो तो हिचाच का?

जवळपास सावर नसेल तर हिचाच असण्याची शक्यता मोठी. एक तंतुगुच्छ उचलून पाहा. मधे चपटं, लांबट, चार-पाच मिलिमीटरचं तपकिरी बी असेल आणि त्याच्या दोन्ही टोकांना केसांचे झुबके असतील, तर सातवीण. रुईच्या आणि कुड्याच्या बीला एकाच टोकाला झुबका असतो. सावरीच्या कापसात बी नुसतं गुंतलेलं असतं, त्याला स्वतःचा झुबका नसतो.

शेंगा जोडीनेच का लोंबतात?

एका फुलात दोन सुट्टे बीजकोश असतात. प्रत्येकाची एक शेंग, म्हणून जोडी. हातभर लांब, सुतळीसारख्या बारीक. खरं तर या शेंगाच नव्हेत. वालाची शेंग दोन बाजूंनी उकलते, ही एकाच बाजूने. शास्त्रीय मराठीत पेटिकाफळ म्हणतात. बाजारात कुणी म्हणत नाही, मीही नाही.

पानांवर फोड आलेत, झाड मरणार का?

मरणार नाही. पौरोप्सिला नावाचा एक इवलासा किडा पानात अंडी घालतो. पिल्लू रस शोषू लागलं की पान त्याच्याभोवती गाठ धरतं. ती गाठ म्हणजे त्याचं घर. काही वर्षी एकही पान सुटत नाही आणि झाड देवी आल्यासारखं दिसतं, पुढच्या पालवीला पुन्हा ठीक. मोठ्या झाडाला काहीच करू नका. लहान रोप असेल तर गाठीवाली पानं खुडून जाळा.

पानं गुंडाळून आत अळी बसलीय. आणि एक मोठी, हिरवी, शेपटीला शिंग असलेलीही दिसली!

गुंडाळणारी बहुधा पॅरोटिस या हिरव्या पतंगाची. शिंगवाली कण्हेरीवर येते तीच, मोठ्या हॉक पतंगाची. तिच्या पाठीवर पुढच्या बाजूला डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके असतात, डिवचलं की ती ते फुगवून दाखवते. मुलांना बोलावून दाखवा, औषध मारू नका.

लाकडाचा काय उपयोग?

घर बांधायला शून्य. पांढरट, मऊ, सागापेक्षा खूप हलकं, आणि वाळवीला आवडीचं. पण मऊपणा हाच त्याचा गुण. खोके, काड्यापेटीच्या काड्या, पेन्सिली यांना ते चालतं. श्रीलंकेत याला रुकत्तन म्हणतात आणि त्याचे नाचाचे मुखवटे कोरतात. आपल्या सावंतवाडीची लाकडी खेळणी परंपरेने पांगाऱ्याची, तोही असाच हलका. कोरणाऱ्याला जड लाकूड नकोच असतं.

आणि पाटी. शास्त्रीय नावातलं "स्कोलॅरिस" म्हणजे शाळेचं. या लाकडाच्या फळ्यांवर मुलं अक्षरं गिरवत. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ ठाकूर ज्या छायेत बसत ती जागा छातिमतला, आणि तिथल्याच विश्वभारती विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात आजही याच झाडाची पानं देण्याची रीत आहे. लिनिअसला या शांतिनिकेतनाचं काही माहीत असणं शक्य नव्हतं. योगायोग.

"सातविणीर भूत रवता म्हणतत, ता खरा काय?"

हा प्रश्न माझ्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या मावशींचा, म्हणून त्यांच्याच शब्दांत. मावशी, मुंजा पिंपळावर, देवचार वेशीवर, आणि सातविणीवर कुणीतरी हवंच ना! केरळात याच झाडावर यक्षी राहते, इंग्रजीत तर त्याला सैतानाचंच झाड म्हणतात. आता विचार करा: गर्द सावली, चीक गळणारी कडू साल, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, फूल दिसत नाही आणि काळोखात एकदम वास येतो. मला भुताची गरज वाटत नाही. पण त्या भीतीने कुऱ्हाड लांब राहिली असेल, तर भुताला माझ्याकडून एक नारळ.

आषाढी अमावास्येला साल उगाळून पितात. मी घेऊ का?

किनाऱ्यावर, विशेषतः खाली तुळुनाडूत, म्हणजे कर्नाटकाच्या तुळू बोलणाऱ्या किनारपट्टीत, ही रीत जिवंत आहे. पहाटे अंधारात जाऊन, लोखंड न लावता, दगडाने साल काढायची आणि तिचा काढा उपाशीपोटी घ्यायचा. साल जहरी कडू. तिच्यात एकिटामीनसारखी अल्कलॉइडं आहेत आणि आयुर्वेदात सप्तपर्णाची साल ज्वरावर, अतिसारावर आणि त्वचारोगांवर सांगितली आहे.

मी सांगतो ते एवढंच: अंधारात झाड चुकू शकतं. आपल्या रानात काजरा आहे, त्याचीही साल करडी आणि कडू. त्याच्यात स्ट्रिकनीन असतं, आणि ते माणूस मारतं. काजऱ्याची पानं समोरासमोर दोन-दोन असतात, बुडापासून तीन ते पाच ठळक शिरा वर जातात, आणि चीक नसतो. सातविणीची चक्रात, शिरा कंगव्यासारख्या, आणि भरपूर चीक. आदल्या दिवशी उजेडात जा, पानं पाहा, झाडाला दोरा बांधून या. खात्री नसेल तर आणूच नका. गरोदर बाई, लहान मूल, नेहमीची औषधं चालू असलेला माणूस यांनी वैद्याला विचारल्याशिवाय थेंबही घेऊ नये.

मलेरियावर क्विनीनऐवजी चालते ना?

नाही. फिलिपिन्समध्ये ती "दिता" नावाने हिवतापावर वापरात होती, पण तिच्यात क्विनीन नाही. ते सिंकोनाच्या सालीत, आणि सिंकोना कदंबाच्या, कॉफीच्या कुळातला. कडू असलं की क्विनीन, हा हिशेब चुकीचा आहे. थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासा.

घराजवळ लावू का?

घरापासून निदान चाळीस फूट, विजेच्या तारांपासून दूर, विहिरीच्या कठड्याला लागून नको. मुळं वरवर पसरतात आणि बुंधा जाडावत जातो. जांभ्याचा गडगा त्यापुढे टिकत नाही. माझ्याच कुंपणाचा एक कोपरा गेलाय, आणि लावणारा मीच होतो. पोफळीच्या बागेत नको, तिथे तिची सावली जास्त होते. वाडीच्या मागच्या उताराला, ओढ्याच्या कडेला, किंवा गावाच्या राईत रिकामी जागा असेल तिथे बिनधास्त लावा. एकच लावा.

ही जात धोक्यात आहे का?

जागतिक यादीत नाही. मात्र मोठ्या, आधारमुळं धरलेल्या सातविणी जिथे आहेत ती रानं कमी होताहेत. त्या सातविणी रोपवाटिकेत तयार होत नाहीत.

रोपं मिळतील का? बी दिलंत तरी चालेल.

या वर्षीची रोपं संपली. बी मागच्या वर्षीचं ठेवलेलं कुणी दिलं तर घेऊ नका, ते लवकर निर्जीव होतं. माझ्याकडच्या शेंगा फाल्गुनात तपकिरी होऊ लागतात. उकलायच्या आधी त्या काढून जुन्या मलमलीच्या पिशवीत ठेवायच्या, नाहीतर दोन दिवसांत सगळं बी शेजाऱ्याच्या पडवीत. वाळू आणि शेणखत मिसळलेल्या ओल्या गादीवर बी नुसतं पसरायचं, वर चिमूटभर माती, आणि सावली. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. पहिली दोन पानं समोरासमोर येतील, तेव्हा "ही सातवीण नव्हे" असा फोन करू नका.